वेकसर्फिंग: ट्रिक्स शिकायला कुठला बोर्ड घ्यावा? (घरात एकच येणार आहे)

सायली_एमएन
नमस्कार मंडळी. इथे कुणी वेकसर्फिंग करतं का माहीत नाही, पण आपल्या लोकांना सगळंच येत असतं म्हणून विचारून बघते.

आम्ही मिनियापोलिसच्या पश्चिमेला राहतो, मिनेटोंका तळं घरापासून वीस मिनिटांवर. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या मित्राची बोट आहे, तो शनिवारी बोलावतो, बदल्यात मी इडल्या नेते, सौदा दोघांनाही परवडतो. मागच्या ऑगस्टमध्ये एकदाची दोरी सोडली आणि आता बोट वळेपर्यंत लाटेवर टिकते. वय ४३, वजन ६० किलो. इथेच थांबायला हवं होतं पण हाव सुटलीये, आता ३६० (लाटेवर पूर्ण गिरकी) आणि शव्ह-इट (पायाखाली बोर्ड अर्धा फिरवणं) शिकायचंय.

सध्या मित्राचाच जुना ५ फुटी बोर्ड वापरते, सर्फ स्टाईल, चांगला जाड, खाली तीन मोठे फिन (माशाच्या परासारखी पाती). फिरायला गेलं की पाव गिरकी होते आणि बोर्ड हट्टी बैलासारखा परत सरळ. दुकानातल्या मुलाने ९०० डॉलरचा कार्बनचा स्किम बोर्ड दाखवला, म्हणे ट्रिक्स हव्यात तर हाच. नवरा ८४ किलोचा, त्याला तो पेलणार नाही म्हणतात. मुलगा १४ वर्षांचा, ५० किलो, त्याला दरवाजाची फळी दिली तरी चालेल. बजेट ५०० च्या आत. काय करू?

सदाशिव_पेठी
आधी वेकसर्फिंग म्हणजे काय ते सांगा. आणि खडकवासल्यात चालेल का?

सायली_एमएन
बोटीच्या मागे जी लाट उठते तिच्यावर सर्फिंग. सुरुवातीला दोरी धरून उभं राहायचं, लाटेने ढकलायला सुरुवात केली की दोरी बोटीत फेकून द्यायची. बोट हळूच असते, ताशी १०-११ मैल. पाय बोर्डाला बांधलेले नसतात. खडकवासल्याचं पाणी पुणेकर पितात ना, राहू द्या.

सदाशिव_पेठी
म्हणजे सायकलच्या वेगाने जाणाऱ्या बोटीमागे, न धरता. आणि यासाठी ९०० डॉलर. बरं.

आबा_कोल्हापूर
नाचता येईना अंगण वाकडं. हघ्या (हलके घ्या) ताई.

लाटेवरचा_गणू
आबा, या खेळात अंगण खरंच वाकडं असू शकतं, त्यावर येतोच.

सायलीताई, मी ऑस्टिनला, लेक ट्रॅव्हिसवर सात वर्षं करतोय. दुकानातला मुलगा अर्धा बरोबर आहे. बोर्डांची ढोबळ दोन घराणी आहेत. सर्फ स्टाईल म्हणजे जाड, नाक टोकदार, फिन मोठे. फिन पाणी धरून ठेवतात म्हणून वेग येतो, वळणं खणखणीत होतात, लाटेच्या वर उडी मारता येते. स्किम स्टाईल म्हणजे पातळ, सपाट, पुढून मागून जवळपास सारखा, फिन बोटाएवढे. तो निसटता असतो. स्पर्धांमध्येसुद्धा सर्फ आणि स्किम असे वेगळे गट असतात इतका फरक आहे.

तुमचा बैल परत का वळतो ते सांगतो. ३६० मध्ये अर्ध्यावर तुम्ही उलट्या दिशेने जात असता, म्हणजे शेपटीचे फिन आता पुढे. मोठा फिन पुढे आला की तो परत मागे जायला बघतो, बाणाची पिसं कशी नेहमी मागेच जातात तसं. शव्ह-इटमध्ये तर बोर्ड पायाखाली अर्धा फिरतो आणि तुम्ही तसेच पुढे जात राहता, तिथे फिन पुढे ठेवूनच उतरायचंय. छोटा फिन असेल तर हे सगळं खपून जातं.

पण स्किम बोर्ड जे देतो त्याची किंमतही घेतो. फिन छोटे, जाडी कमी, म्हणजे लाटेचा ढकला कमी जाणवतो, जरा मागे पडलात की गेलात. त्यामुळे माझी कसोटी अशी, आत्ताच्या बोर्डावर पुढच्या पायावर वजन देऊन बोटीच्या अगदी जवळ जा, मागच्या पायावर देऊन मागे सरका, आणि परत पुढे या. दोरीशिवाय. हे सलग पाच वेळा जमलं तर स्किम घ्या. नाही जमलं तर नव्या बोर्डावर रोज पडाल आणि बोर्डाला दोष द्याल (आबा, इथे तुमचं बरोबर).

आता अंगण. बोट कुठली आहे? बॅलास्ट (बोट जड करायला भरायचं पाणी) किती भरतो मित्र? लाट लहान असेल तर ६० किलोलाही स्किम बोर्ड बुडाल्यासारखा वाटतो. मोठी असेल तर ८४ किलोचे साहेबही मजेत जातील.

मुक्ता_के
वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्या भाच्याला पाठवते, तो सिअॅटलला हेच उद्योग करतो.

धोंडोपंत_अटलांटा
गणूशी निम्मा असहमत. मी लेक लेनियरवर माझं पहिलं ३६० सर्फ स्टाईल बोर्डावरच मारलं. नवीन काही घेऊ नका. आधी फिन काढा!

तीन फिनचा बोर्ड आहे ना? बाजूचे दोन काढा, मधला ठेवा. किंवा मधला काढून बाजूचे छोटे लावा. एक शनिवार त्यावर घालवा. सुरुवातीला साबणावर उभं राहिल्यासारखं वाटेल, अर्ध्या तासात सवय होते. खर्च शून्य. आपण लोक काहीही शिकायचं म्हटलं की आधी खरेदीला निघतो, तबला शिकायच्या आधी तबल्याची गवसणी शिवून घेतो.

लाटेवरचा_गणू
पंत, ३६० होईल, मान्य. शव्ह-इट कसं करणार? टोकदार नाकाचा पाच फुटी बोर्ड पायाने फिरवून बघा आणि नडगीचा फोटो टाका.

धोंडोपंत_अटलांटा
शव्ह-इटचं मी बोललोच नव्हतो :डोळा मारा:

ओंकार_अश्वे
मी गोव्यात, अश्वेला सर्फिंग करतो, खऱ्या लाटांवर (हघ्या). एक शंका. समुद्रात शिकणाऱ्याला आम्ही आठ फुटी फोमचा बोर्ड देतो, कारण हाताने वल्हवत जाऊन लाट पकडायची असते. तुम्ही चार-पाच फुटांवर कसे काय उभे राहता?

लाटेवरचा_गणू
@ओंकार, आम्हाला वल्हवायचंच नसतं. बोट ओढून उभं करते आणि लाट तिथल्या तिथे जन्मभर चालू असते. म्हणून बोर्डाने फक्त तुमचा भार लाटेवर पेलला की झालं. समुद्रवाले पहिल्या दिवशी आमच्याकडे बरेचदा मागे पडतात आणि लाट निघून जाते, कारण सवयीने मागच्या पायावर जोर.

ओंकार_अश्वे
आणि लाट कधी येईल म्हणून ताटकळत बसायचं नाही. जळफळाट होतोय.

प्राची_दुबई
इथे पाम जुमेराच्या बाजूला तासावर बोट मिळते, कोच आणि बोर्डांसकट. मी एका तासात तीन बोर्ड बदलून बघितले, आणि मला फरक पायातच कळला, वाचून कधीच कळला नसता. तुमच्याकडे दुकानं डेमोला बोर्ड देत नाहीत का गं? सीझनच्या सुरुवातीला विचार. महाग पडतं तासाचं, पण चुकीचा बोर्ड त्याहून महाग.

सायली_एमएन
@प्राची हो का, विचारते.
@गणू बोटीचं विचारलं मित्राला. व्ही-ड्राइव्ह (पंखा तळाखाली असलेली) आहे, २००८ ची, सर्फ सिस्टीम (बटणावर लाट घडवणारी सोय) वगैरे नाही, टाक्या भरतो आणि वर पाण्याच्या दोन पिशव्या टाकतो, बाकी आम्हीच एका बाजूला बसतो. माझा डावा पाय पुढे.

लाटेवरचा_गणू
मग सगळे डावीकडे बसत असतील. डावा पाय पुढे असणाऱ्याला बोटीच्या डाव्या बाजूची लाट, म्हणजे छाती लाटेकडे राहते. उजवा पुढे असेल तर उलट. जुन्या बोटींना एका कुशीवर झुकवूनच लाट करावी लागते. मालिबू या बोट कंपनीने २०१२ मध्ये सर्फ गेट नावाची झडप आणली आणि नंतर सगळ्या कंपन्यांनी आपापल्या झडपा काढल्या, तेव्हापासून बोट सरळ ठेवून बटणावर लाट डावी-उजवी करता येते.

तुमच्या बोटीला वजन हवं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, पण माणसं हलवता येतात, पाणी नाही. पुढच्या शनिवारी दोन कुटुंबं जास्त बोलवा, बोटीवर जेवढ्यांची परवानगी लिहिलीये तेवढी. लाटेचा फरक बघा आणि मग बोर्डाचं ठरवा.

सदाशिव_पेठी
म्हणजे वरण-भात जेवलेले पाच काका डावीकडे बसवले की लाट तयार. हा खेळ आपल्यासाठीच बनलाय. मी येऊ का बॅलास्ट म्हणून? व्हिसाचं बघा.

आबा_कोल्हापूर
पांढऱ्या रश्श्यानंतर मी एकटा पुरेन.

केबिनवाला
आनंदावर विरजण घालतोय, पण उत्तर मिनेसोटात आमची तळ्याकाठी छोटी केबिन आहे आणि या बोटींनी वैताग आणलाय. आमचा धक्का दोनदा सुटला, काठाची माती दरवर्षी खचते, पाणी गढूळ. तुमची मजा होते, निस्तरतो काठावरचा माणूस.

धोंडोपंत_अटलांटा
झालं, धाग्याचा काश्मीर होणार.

केबिनवाला
होऊ दे. युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या सेंट अँथनी फॉल्स लॅबने २०२२ मध्ये मोजमाप करून सांगितलंय की वेकसर्फच्या लाटा साध्या बोटींइतक्या शांत व्हायला काठापासून ५०० फुटांपेक्षा जास्त अंतर लागतं. व्हरमाँट राज्याने २०२४ पासून नियमच केला, काठापासून ५०० फूट, पाणी किमान २० फूट खोल, आणि अशी सलग ५० एकर जागा असेल तरच. तिथली कितीतरी तळी यात बसतच नाहीत.

सायली_एमएन
@केबिनवाला, राग समजू शकते, खरंच. आम्ही तळ्याच्या मोठ्या भागाच्या मधोमध जातो, मित्र याबाबतीत कडक आहे. एकाच रेषेत दहा फेऱ्या मारत नाही. आणि निघताना टाक्या रिकाम्या, प्लग काढून. मिनेटोंकात २०१० पासून झेब्रा शिंपले (बाहेरून आलेले, उपद्रवी) आहेत, टाकीतल्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात पोचायला वेळ लागत नाही.

केबिनवाला
तुमच्यासारखे सगळे असते तर मी इथे लिहिलंच नसतं. असो. (मुलगी मात्र हट्ट करतेय शिकायचं म्हणून. तिची आई तिच्या बाजूने. मी घरात अल्पमतात आहे.)

मुक्ता_के
:फिदी: म्हणजे पुढच्या वर्षी केबिनवाले बॅलास्ट.

निखिल_सुतार
जुना बोर्ड घेणार असाल तर माझी कहाणी वाचा.

मागच्या वर्षी १८० डॉलरला सेकंडहँड कार्बनचा स्किम घेतला. हलका, सुंदर. शेपटीला नखाएवढी चीर होती, म्हटलं हात आहेत ना आपल्याला, आडनावाला जागू. गॅरेजमध्ये आधीच्या कामातलं पॉलिएस्टर रेझिन उरलं होतं. चीर घासली, रेझिन ओतलं, वरून टेप लावला, चहा प्यायला गेलो. येऊन बघतो तर चिरेच्या जागी अंगठा जाईल एवढा खड्डा, आणि अजून आत चाललाय. हे बोर्ड आतून पॉलिस्टायरीन फोमचे असतात आणि पॉलिएस्टर रेझिन तो फोम खातं, मिठाने गोगलगाय विरघळते तसा तो माझ्या डोळ्यांदेखत बसत गेला. एपॉक्सी रेझिनच लागतं. हे डब्यावर नसतं, शिकलेल्या माणसाला ठाऊक असतं.

तर सेकंडहँड बघताना: टाचेच्या जागी अंगठ्याने दाबा, मऊ लागतंय का. नाण्याने टकटक करा, आवाज एकदम पोकळ झाला तर तिथे वरचा थर सुटलाय. हलवून बघा, आत पाणी खुळखुळतं का. फिनच्या खाचांभोवती केसासारख्या चिरा. आणि विकणाऱ्याने बोर्ड कुठे ठेवला होता ते विचारा, काळ्या पिशवीत घालून उन्हातल्या गाडीत ठेवलेला बोर्ड फुगलेल्या पुरीसारखा होतो.

साच्यात दाबून बनवलेले जड बोर्ड असतात ते ३००-५०० ला नवे मिळतात, दगडासारखे टिकतात. मुलगा १४ वर्षांचा आहे म्हणता, तो धक्क्यावर आपटणार. कार्बन नको.

लाटेवरचा_गणू
निखिलला अनुमोदन. जड बोर्डाने शव्ह-इट शिकायला थोडं जास्त लाथावं लागतं, पण तेवढंच. हायपरलाइटचा ब्रॉडकास्ट वगैरे सर्फ वळणाचे, फेज फाइव्हची डायमंड मालिका स्किमची, नावं इतपत माहीत असावीत, चिकटून राहू नये. प्रत्येक कंपनी वजनाचा तक्ता देते, दोन मापांच्या सीमेवर असाल तर शिकताना मोठं घ्या. तुमच्या घराला ५४ इंचाच्या आसपासचा, जरा रुंद स्किम. मुलाला थोडा मोठा होईल, यजमानांना थोडा लहान. एकच घ्यायचा तर कुणाला तरी तडजोड करावी लागणार, आणि ती तुम्हाला करावी लागू नये कारण धागा तुम्ही काढलाय.

डॉ_संध्या
आत्तापर्यंत बोर्डवरच चर्चा. दोन गोष्टी माझ्याकडून. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच. आणि मोटरच्या पंख्याकडे बघा, पंखा बोटीच्या मागे बाहेर असेल (आउटबोर्ड किंवा साधा स्टर्नड्राइव्ह) तर त्यामागे हा खेळ करायचाच नाही, सर्फर पंख्यापासून फार जवळ असतो. व्ही-ड्राइव्हचा पंखा तळाखाली असतो म्हणून तो चालतो. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर मुलांना बसवू नका, तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो, वास येत नाही, चक्कर आल्यावरच कळतं.

आणि सायली, ४३ ला गुडघे फिरतात पण पाय रुतलेला असताना फिरवू नकोस. डोकं, खांदे आधी, पाय मागून. निसटता बोर्ड गुडघ्याला खरं तर बरा.

सायली_एमएन
थँक्यू डॉक्टर, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य दोनदा.

सदाशिव_पेठी
धागा थंड पडला. बोर्ड आला का?

सायली_एमएन
आले, आले. दोन शनिवार गेले मध्ये, एक पावसात.

पहिल्या शनिवारी पंतांचं ऐकलं. बाजूचे फिन काढले, मधला ठेवला. साबण म्हणाले होते ते कमी आहे, शेवाळ म्हणा. पहिले चार वेळा दोरी सोडायच्या आधीच बोर्ड बाजूने पळाला. नंतर गणूची कसोटी, पुढे-मागे, तीनदा जमलं, चौथ्यांदा मागे राहिले आणि लाट माझ्याशिवाय निघून गेली. एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, फिन असताना बोर्डातून पायाला बारीक गुणगुण जाणवते, फिन काढले की ती थांबते. एकदम शांत. घाबरायला झालं.

काल मित्राच्या शेजाऱ्याचा स्किम बोर्ड तासभर मिळाला, ५३ इंची. आणि बोटीत नऊ माणसं होती, इडल्या साठ. लाट दुप्पट नाही म्हणणार पण लांब झाली, मागे सरकायला जागा मिळाली. बोटीच्या जवळ जाऊन सुरू केलं, कारण फिरताना वेग जातोच. खांदा वळवला आणि बोर्ड आला की हो मागून! अर्धी गिरकी, बोटीकडे पाठ, समोर रिकामं तळं, मागे सगळे ओरडतायत आणि मी उलटी चाललेय. उरलेली अर्धी झाली नाही, तशीच मागे पडले. पण पाव गिरकीची अर्धी झाली.

मुलाने तिसऱ्या प्रयत्नात शव्ह-इट मारला. काही बोलायचं नाहीये मला त्यावर.

नवरा ८४ किलोचा त्या बोर्डावर घोट्यापर्यंत पाण्यात उभा होता, शिवाजी पार्कात पावसाळ्यात उभं राहावं तसा. त्यांनी स्वतःच सांगितलं, तुम्ही दोघं तो घ्या, मी जुन्या बोर्डावर सुखी आहे. साच्यातला ५४ इंची स्किम, ३८० ला, परवा येतोय.

धोंडोपंत_अटलांटा
म्हणजे मी अर्धा बरोबर!

लाटेवरचा_गणू
उरलेल्या अर्ध्यासाठी: उलट्या असताना नजर तळ्याकडे नको, मान तशीच फिरवत ठेवा आणि बोट परत शोधा. तुम्ही रिकामं तळं बघत थांबलात, म्हणून बोर्डही थांबला.

केबिनवाला
५४ इंची म्हणजे १३ वर्षांच्या मुलीला (४२ किलो) मोठा होईल का? सहज विचारतोय.

मुक्ता_के
:फिदी: :फिदी:

लाटेवरचा_गणू
५० बघा, केबिनवाले. आणि ५०० फूट लांब, तुम्हाला सांगायला नकोच.

सायली_एमएन
एक शेवटची मदत. मित्राच्या बोर्डाचे फिन परत लावताना स्क्रू हातातून निसटला आणि फळीच्या फटीतून थेट मिनेटोंकात. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा. त्याला अजून सांगितलेलं नाही. कुठला मागवू?

लाटेवरचा_गणू
फिनच्या बुडाला दोन छोटे दात आहेत की एकच लांब पट्टी?

सायली_एमएन
पट्टी. एक स्क्रू.

लाटेवरचा_गणू
मग फ्युचर्स कंपनीचा. दात असते तर एफसीएस कंपनीचा लागला असता. किल्ली दोन्हीला तीच चालते, ३/३२ इंची. पाकिटात चार-सहा येतात ते घ्या आणि फिन काठावर लावत जा, बोटीत नाही.

सदाशिव_पेठी
आणि पुढच्या शनिवारी इडल्या सत्तर न्या. मग सांगा त्याला.